‘आय ॲम डन’ हे चुकीचे इंग्रजी नव्हे

पुस्तक वाचून झाल्यावर ‘आय ॲम डन विथ द बुक’ असे म्हणू नये, कारण ‘डन’ होतो तो भट्टीतला केक, माणूस मात्र ‘फिनिश्ड’ होतो, असा नियम इंग्रजीच्या वर्गांत वर्षानुवर्षे सांगितला जातो. या नियमाला आधार नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील काही व्याकरणपुस्तकांनी या प्रयोगाला नावे ठेवली. प्रयोग मात्र त्याच्याही बराच आधीपासून रूढ होता आणि मेरियम-वेब्स्टरसारखा कोश आज तो बिनदिक्कत ग्राह्य मानतो. ‘हॅव’च्या जागी ‘ॲम’ किंवा ‘इज’ येणे हेही इंग्रजीला परके नाही. १६११च्या बायबलमधील ‘ही इज रिझन’ या वाक्याची घडण आपल्या ‘तो उठला आहे’सारखीच आहे.

खरा फरक अर्थाचा आहे, आणि तो कुणी शिकवत नाही याचे वाईट वाटते. ‘आय हॅव फिनिश्ड द बुक’ म्हणजे शेवटच्या पानापर्यंत वाचून झाले. ‘आय ॲम डन विथ द बुक’ म्हणजे माझे काम झाले, आता तुम्ही न्या. पुस्तक अर्धेच वाचलेले असले तरी हे वाक्य चालते, आणि सूर चढला तर त्यातून वैतागही व्यक्त होतो.

चूक आहे ती ‘फिनिश्ड टू रीड’ ही. तेथे ‘फिनिश्ड रीडिंग’ हवे. तसेच ‘आय हॅव’नंतरच्या ‘रीड’चे स्पेलिंग तेच राहते, पण उच्चार ‘रेड’ होतो.