वाहन चालवताना मोबाइल वापरबंदी

वाहन चालवताना मोबाइल वापरबंदी : गाडी चालवत असताना चालकाने हातात फोन धरून बोलणे, मेसेज वाचणे किंवा लिहिणे यांस मनाई करणारी कायदेशीर तरतूद. भारतात यासाठी स्वतंत्र कायदा नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक रीतीने वाहन चालवण्याच्या कलमात, ही बंदी बसवलेली आहे. मूळ कलमात फोनचा उल्लेख नव्हता आणि तो असण्याचे कारणही नव्हते. देशातला पहिला मोबाइल कॉल झाला जुलै १९९५ मध्ये. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम २१ मध्ये परवाना निलंबनाचे एक कारण म्हणून मोबाइल नंतर आला. खुद्द कलमात तो शिरला २०१९ च्या दुरुस्तीने, आणि १ सप्टेंबर २०१९ पासून ती लागू झाली.

या दुरुस्तीने सिग्नल तोडणे, उलट्या दिशेने गाडी हाकणे अशा कृत्यांच्या पंगतीला ‘हातात धरायच्या संपर्क-साधनाचा वापर’ बसवला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रत्यक्षात कैदेपर्यंत प्रकरण सहसा जात नाही, कारण कलम २०० नुसार गुन्हा तडजोडीने, म्हणजे ठरलेली रक्कम भरून, मिटवता येतो. गंमत अशी, की कलम १८४ मधल्या कृत्यांपैकी ही सवलत फक्त फोनच्या वापराला आहे. लोक ज्याला ‘पावती फाडली’ म्हणतात ती हीच तडजोड. आता पावती कागदाची नसते, ई-चलनाचा मेसेज येतो, तोही बहुधा त्याच फोनवर. तडजोडीची रक्कम राज्य सरकार ठरवते. महाराष्ट्राने नवे दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले, म्हणजे केंद्राच्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांहून अधिक काळाने.

दंड भरला म्हणजे सुटलो, हा समज मात्र अर्धवट आहे. कलम २०६ नुसार पोलीस परवाना ताब्यात घेऊन निलंबनासाठी पाठवू शकतात. कोल्हापुरात हे प्रकरण ताराबाई पार्कातल्या आरटीओकडे जाते. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच अशा चालकांचा परवाना किमान तीन महिने निलंबित करावा, असे राज्यांना सांगितले होते.

सगळा पेच ‘हातात धरायच्या’ या शब्दांत आहे. कोल्हापूरच्या दसरा चौकात किंवा दाभोळकर कॉर्नरला पाच मिनिटे उभे राहिले तरी तो डोळ्यांनी दिसतो. मान डाव्या खांद्यावर कलती करून कान आणि खांद्यात फोन दाबलेला दुचाकीस्वार. स्कार्फच्या घडीत फोन खोचून निवांत बोलत निघालेली तरुणी. क्वचित कुणी हेल्मेट घातलेच असेल, तर त्याच्या अस्तरात सरकवलेला फोन. दोन्ही हात हँडलवर, तेव्हा ‘मामा, हातात कुठाय?’ हा प्रश्न तयारच असतो. पण फोन हातात धरायचाच प्रकार आहे, तो खांद्यात दाबल्याने बदलत नाही. शिवाय त्याच कलमात एक व्यापक पोटकलम आहे: सक्षम आणि काळजी घेणाऱ्या चालकाकडून जे अपेक्षित, त्याच्या फार खाली जाणारी वाहन चालवण्याची कोणतीही रीत धोकादायक ठरते. वाकड्या मानेला आरशात मागचे दिसत नाही, एवढा युक्तिवाद त्याला पुरेसा आहे. सिग्नलला थांबून मेसेज बघण्यासाठीही कलमात वेगळी सूट दिलेली नाही.

सूट आहे ती रस्ता शोधण्यापुरती. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, केवळ मार्गदर्शनासाठी फोन वापरता येतो. अंबाबाईच्या दर्शनाला आलेली परगावची गाडी महाद्वार रोडच्या गर्दीत नकाशा बघत शिरते तेव्हा हा नियम लागू पडतो. तो नकाशा मांडीवर ठेवून बोटांनी मोठा करत बसले, की पडत नाही.

हँड्सफ्री वा ब्लूटूथवर बोलण्याबद्दल कलम १८४ चे स्पष्टीकरण काही म्हणत नाही. कायद्याने हात पकडला, मन सुटले, असे म्हणावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते फोन वापरणाऱ्या चालकाला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो आणि हँड्सफ्रीने तो फारसा घटत नाही, कारण लक्ष वेधून घेते ते संभाषण. नजर हटली तर हिशेब आणखी सरळ आहे. ताशी ४० किमी वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. स्क्रीनकडे तीन सेकंद बघितले, की ३३ मीटर आंधळेपणाने कापले जातात. पुणे-बंगळूर महामार्गावर ताशी ८० ने हेच अंतर ६६ मीटर होते. उसाच्या हंगामात तेवढ्या अंतरात, मागे दिवा नसलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे असू शकतो.

अपघातात माणूस दगावला, तर प्रकरण मोटार वाहन कायद्यापुरते राहत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अशा तपासात पोलीस कंपनीकडून चालकाच्या फोनच्या नोंदी मागवू शकतात आणि कॉलची वेळ धडकेच्या वेळेशी ताडून पाहता येते.