चोरीचा मनीप्लँट आणि समुद्रातली कलमं

विकत आणलेला मनीप्लँट रुजत नाही, चोरून आणलेला फोफावतो, असं आपल्याकडे गमतीने म्हणतात. शेजारच्या कुंडीतली वीतभर वेल खुडली तर कुणाचं काय जातं, हा त्यामागचा हिशेब. घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ वाढवणाऱ्यांनी बरीच वर्षं हाच हिशेब मांडला. मोठ्या प्रवाळाची फांदी तोडायची, छोट्या चकतीवर चिकटवायची आणि वाढवायची किंवा विकायची. या तुकड्याला जगभर ‘फ्रॅग’ म्हणतात. आपल्या भाषेत हे छाटकलमच, फक्त प्राण्याचं.

प्रवाळ म्हणजे बहुधा एकमेकांची हुबेहूब नक्कल असलेल्या शेकडो-हजारो पॉलिपांची, म्हणजे इवल्याशा जीवांची, चुन्याच्या सामाईक सांगाड्यावर नांदणारी वसाहत. त्याला मेंदू नसतो, चेतातंतूंचं साधं जाळं असतं. वादळात सांबरशिंगासारख्या प्रवाळाची फांदी मोडून खाली पडते आणि जागा बरी मिळाली तर तिथेच वाढते. त्यामुळे ‘जिवंत प्राणी कापता, पाप नाही का?’ हा प्रश्न ऐकायला टोकदार असला, तरी मला तो मुख्य वाटत नाही.

कापणं जवळून पाहिलं तर कळतं की त्यात शस्त्रक्रिया आणि बागकाम दोन्ही आहे. हाडं कापायच्या कात्रीने फांदी कट्कन तुटते, जाड सांगाड्याला हिऱ्याची धार असलेली बारीक करवत लागते. पॉलिप आत ओढले जातात आणि बुळबुळीत स्राव सुटतो. तुकडा आयोडीनच्या पाण्यातून काढून सुपरग्लूने चकतीवर बसवतात. सुरुवातीला कापलेली कड पांढरीफटक असते. काही आठवड्यांत मांसल थर त्या कडेवरून, मग गोंदावरून आणि शेवटी चकतीवर पसरत जातो. ही कड लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे. (झोअँथिड नावाचे मऊ जीव कापताना मात्र हातमोजे आणि चष्मा हवाच. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे जबर विष असतं.)

प्रवाळाचा व्यापार मुळात मेलेल्या प्रवाळाचा होता. दिवाणखान्यातल्या शोकेससाठी पांढरे सांगाडे फिलिपिन्समधून जहाजं भरून जात. त्या देशाने १९७७ साली या व्यापारावर बंदी घातली. जिवंत प्रवाळ घरात टिकतो, यावर तेव्हा फार थोड्यांचा विश्वास होता. त्या थोड्यांत जाकार्ताचे ली चिन एंग होते. समुद्रातले जीवजंतूंनी भरलेले खडक टाकीत ठेवायचे, हवेचे बुडबुडे सोडायचे आणि बाकीचं निसर्गावर सोपवायचं, अशी त्यांची पद्धत १९६१ मध्ये अमेरिकन मासिकात छापून आली. समुद्र ज्याच्या दाराशी होता त्याला ते जमलं, इतरांना नाही.

इतरांना जमलं ते १९८० च्या दशकात, बर्लिनमध्ये. जिवंत खडक, पाण्यातला मळ फेसावाटे काढणारा स्किमर आणि प्रखर दिवे यांची तिथे सांगड बसली. तिथले हौशी टाकीवाले डीट्रिख श्ट्यूबर यांच्याकडे अ‍ॅक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळाची एक वसाहत अशी वाढली की ते तिच्या फांद्या तोडून ओळखीपाळखीच्यांना वाटू लागले. त्या फांद्यांच्या फांद्या होत होत तो एकच जीव युरोपभर आणि अटलांटिकपार पोचला. मोगऱ्याची फांदी माहेरून आणावी तसा हा मामला होता. शिवाय वाटण्यात स्वार्थही होता: आपल्या टाकीत काही बिनसलं तर त्याच प्रवाळाची फांदी मित्राकडून परत मागता येई.

१९९० च्या दशकात देणगीचा माल झाला. तंत्र स्वस्त झालं, अमेरिकेत मागणी उसळली आणि इंडोनेशिया जिवंत प्रवाळाचा सर्वांत मोठा निर्यातदार बनला. २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाशी संलग्न संस्थेने अंदाज मांडला: कठीण (चुन्याचा सांगाडा असलेल्या) प्रवाळाच्या सुमारे १४० जातींचे १.१ ते १.२ कोटी जिवंत नग दरवर्षी विकले जातात. जिवंत प्रवाळाला टनामागे सुमारे ७,००० डॉलर मिळत आणि तोच प्रवाळ चुन्यासाठी खणला तर ६० डॉलर. चुन्याच्या भट्टीपेक्षा काचेची टाकी बरी, हा व्यापाऱ्यांचा आवडता युक्तिवाद या आकड्यांवर उभा आहे आणि तो अगदीच पोकळ नाही.

तरी एक मेख होती. भराभर वाढणारे फांद्यांचे प्रवाळ कलमांतून सहज मिळत होते, पण गिऱ्हाइकाला हवे होते मोठे, गुबगुबीत, रंगीत पॉलिप. ट्रॅकिफिलियासारखा प्रवाळ बहुधा एकेकटा वाढतो, त्याला तोडायला फांदीच नसते. गोनिओपोरा तर टाकीत काही महिन्यांत मरतो म्हणून कुप्रसिद्ध होता आणि तरीही सर्वाधिक विकल्या जाणाऱ्यांत असायचा. मेला की दुसरा आणायचा. कापण्यात जेवढं पाप शोधलं गेलं, त्याहून जास्त या ‘दुसरा आणायचा’मध्ये होतं, असं माझं मत.

कायदा काय करत होता? वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटिस करारात कठीण प्रवाळ १९९० पर्यंत दुसऱ्या परिशिष्टात आले, म्हणजे परवान्याशिवाय निर्यात नाही. पण जात ओळखणं इतकं अवघड की परवान्यावर बऱ्याचदा नुसती प्रजाती, म्हणजे अनेक जातींचा गट, लिहिलेली चालते. बहुतेक मऊ प्रवाळ तर यादीतच नाहीत. इंडोनेशियात खोऱ्याने काढण्याला पर्याय म्हणून उथळ समुद्रात मांडवांवर कलमं वाढवण्याची शेती उभी राहिली. मे २०१८ मध्ये तिथल्या मत्स्य मंत्रालयाने निर्यातच थांबवली. त्यात बुडी मारून तोडणारा आणि कलमं लावणारा दोघे एकाच फटक्यात गेले. तेव्हाच्या मत्स्यमंत्री सुसी पुज्यास्तुती यांच्या जागी नवे मंत्री आल्यावर, २०२० च्या सुरुवातीला शेतीतल्या प्रवाळांची निर्यात पुन्हा सुरू झाली. फिजीनेही २०१८ च्या सुमारास समुद्रातून काढलेल्या प्रवाळाची आणि खडकाची निर्यात बंद केली.

आता त्या पांढऱ्या कडेकडे येऊ. नखाएवढ्या फ्रॅगला भारदस्त नाव देऊन शेकडो डॉलरला विकण्याची चाल रूढ झाल्यावर, समुद्रातून आलेली अख्खी वसाहत त्याच आठवड्यात करवतीखाली घालून तुकडे विकणारेही निपजले. छंदातले लोक अशा दुकानाला ‘चॉप शॉप’ म्हणतात. चकतीवर बसलेला तुकडा घरी वाढवल्यासारखाच दिसतो. फरक फक्त कडेत असतो: मांसल थर गोंद झाकून चकतीवर उतरलेला असेल तर तो काही आठवडे तरी तिथे वाढला आहे, कड कोरी पांढरी असेल तर नाही. अर्थात मूळ झाड कुठलं, हे कडही सांगत नाही.

याच छंदाची दुसरी बाजू फ्लोरिडात दिसते. केन नेडिमायर हे अ‍ॅक्वेरियमसाठी मासे पकडणारे आणि समुद्रात खडकशेती, म्हणजे टाक्यांसाठी जिवंत खडक तयार करण्याचा धंदा, करणारे. त्यांच्या खडकांवर सांबरशिंगी प्रवाळ आपणहून रुजला. त्याची कलमं करता करता २००७ मध्ये प्रवाळ पुनर्रोपणाची संस्था उभी राहिली. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथला समुद्र इतका तापला की रोपवाटिकांतले प्रवाळ घाईघाईने जमिनीवरच्या टाक्यांत हलवावे लागले.

भारतात मन्नारच्या आखातात चुन्यासाठी प्रवाळ वर्षानुवर्षं खणला गेला. तिथली दोन बेटं पाण्याखाली गेली, त्याचं एक मोठं कारण हेच मानलं जातं. जुलै २००१ मध्ये कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले, वाघाच्या पंगतीत. मालवणच्या समुद्रात पुढे प्रवाळाचे तुकडे चौकटींवर बांधून लावले गेले. क्रिया तीच, कापून लावण्याची, फक्त परवानगीने.

आणि सराफाच्या काचेतलं पोवळं? ते सहसा भूमध्य समुद्रातल्या तांबड्या प्रवाळाचं. त्याचा बुंधा वर्षाला मिलिमीटरभरही जाड होत नाही. त्याला साइटिसच्या यादीत आणायचे प्रयत्न २००७ आणि २०१० मध्ये फसले. मंगळाच्या अंगठीसाठी पोवळं घेताना ‘इटालियन आहे ना?’ एवढंच गिऱ्हाईक विचारतं, तेही भावासाठी.