मायोसायटिसमधील हृदयविकार

शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच स्नायूंवर उलटते, तेव्हा होणाऱ्या आजारांच्या गटाला मायोसायटिस किंवा स्नायुदाह म्हणतात. पॉलिमायोसायटिस, त्वचेवर चट्टे आणणारा डर्मॅटोमायोसायटिस, फुप्फुसांनाही ग्रासणारा अँटिसिंथेटेज सिंड्रोम आणि स्नायुपेशी झपाट्याने मारणारा नेक्रोटायझिंग प्रकार हे त्यातले प्रमुख. हृदय हाही स्नायूच असल्याने तेही या दाहात सापडते. जर्मन चेतारोगतज्ज्ञ (न्यूरॉलॉजिस्ट) ओपेनहाइम यांनी १८९९ मध्येच हे नोंदवले होते. फुप्फुसाचे विकार, जंतुसंसर्ग आणि कर्करोग यांच्या जोडीला हृदयविकार हे या रुग्णांच्या मृत्यूचे एक मुख्य कारण आहे.

आजाराची सुरुवात बहुधा मांड्या, कंबर आणि खांद्यांपासून होते. पूर्व विदर्भात रोवणी करताना बांधीतून उठता येत नाही. वऱ्हाडात वेचलेल्या कापसाचे गाठोडे डोक्यावर चढवता येत नाही. परसाकडे बसले की आधाराशिवाय उभे राहवत नाही. दुखण्यापेक्षा ताकद जाणे हे लक्षण ठळक असते. पण घरचे म्हणतात, 'रगत कमी झालं असन', आणि सलाईन लावून रुग्ण पुन्हा वावरात जातो. डर्मॅटोमायोसायटिसचे चट्टे उन्हाने वाढतात आणि सावळ्या कातडीवर लाल न दिसता काळपट-जांभळे दिसतात. अँटिसिंथेटेज सिंड्रोममध्ये बोटांच्या कडा भेगाळतात. शेतात राबणाऱ्या बाईचे हे हात कामानेच फाटले असतील, असे डॉक्टरलाही वाटू शकते.

हृदयाचा विकार याहून जास्त लपतो, आणि त्याचे कारण आजारातच आहे. ज्याला चालवतच नाही, त्याला चालताना धाप लागण्याची वेळ येत नाही. लागलीच, तर दोष फुप्फुसांना दिला जातो. या आजारात तीही बरेचदा खराब झालेली असतात. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे असल्याने थकवा, धाप आणि अंगदुखीचे खापर त्यावरही फुटते. एकाच रुग्णात दोन्ही आजार असू शकतात, हे अशा वेळी ध्यानात ठेवावे लागते.

रक्ततपासणी इथे सर्वांत जास्त चकवते. सीके (क्रिएटिन कायनेज) हे विकर, म्हणजे एन्झाइम, स्नायू फुटले की रक्तात वाढते. पण ते कष्टाच्या कामाने आणि दंडात किंवा कमरेत घेतलेल्या इंजेक्शननेही वाढते. त्याचाच एक प्रकार असलेले सीके-एमबी हृदयाचे मानले जाते, तरी दुरुस्त होत असलेल्या हातापायांच्या स्नायूंतूनही ते बाहेर पडते. हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या ट्रोपोनिन टी या प्रथिनाबाबतही तेच घडते. म्हणून मायोसायटिसच्या रुग्णात त्याचा दुसरा प्रकार, ट्रोपोनिन आय, मागवणे योग्य. ते हृदयाशी जास्त प्रामाणिक आहे. चिठ्ठीवर नुसते 'ट्रोपोनिन' लिहिले, तर आलेला आकडा नेमका कशाचा हे उमगत नाही.

ईसीजी मात्र तालुक्याच्या ठिकाणीही निघतो आणि खर्चही थोडा. हृदयातील विद्युतवहनाचे अडथळे, बंडल ब्रँच ब्लॉक (वहनमार्गाच्या एका फांदीतला अडथळा) आणि अनियमित ठोके त्यात दिसतात, तेही पुष्कळदा रुग्णाची काहीच तक्रार नसताना. त्यामुळे निदान झाल्याबरोबर प्रत्येकाचा ईसीजी काढायला हवा. इकोने, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीने, हृदयाची पंपशक्ती कळते. पण दाह आणि त्यामागे राहिलेले व्रण सर्वांत स्पष्ट दिसतात ते हृदयाच्या एमआरआयमध्ये. भामरागड किंवा मेळघाटासारख्या दुर्गम भागातल्या माणसासाठी ही तपासणी म्हणजे बुडालेली मजुरी, प्रवास आणि सोबतीला एक माणूस. ती कोणासाठी अटळ आहे हे ठरवायला ईसीजी, इको आणि ट्रोपोनिन आय यांचा एकत्र विचार उपयोगी पडतो. रक्तात अँटिमायटोकाँड्रियल प्रतिपिंडे (पेशींतल्या ऊर्जाकेंद्रांविरुद्ध तयार होणारी) सापडली, तर हृदयाकडे जास्त बारकाईने पाहावे.

उपचार प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने सुरू होतात. जोडीला प्रतिकारशक्ती दाबणारी मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन किंवा मायकोफेनोलेट ही औषधे देतात. गंभीर रुग्णांना इम्युनोग्लोब्युलिन किंवा रिटुक्सिमॅब लागते. ही औषधे सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी आपल्याकडे टाळता येत नाही. स्टेरॉइडने रक्तदाब आणि साखर वाढते, अंगात पाणी साठते, म्हणजे आधीच थकलेल्या हृदयावर भार पडतो. गोळ्या अचानक बंद करणे तर त्याहून धोक्याचे. हृदय कमजोर झाले असल्यास त्याची औषधे वेगळी द्यावी लागतात आणि विद्युतवहन पूर्ण अडले (पूर्ण ब्लॉक) असल्यास पेसमेकर बसवावा लागतो. हातापायांत ताकद परतली आणि सीके उतरले, तरी ईसीजी अधूनमधून काढत राहावा लागतो, कारण स्नायूंचा आजार शांत असतानाही वहनाचा अडथळा वाढत जाऊ शकतो.