जमून आलेली फेरी शेवटी का बिघडते?

१६ जून २०२४. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं पाइनहर्स्ट. गोल्फच्या यूएस ओपनच्या शेवटच्या दिवशी, अठरा होलच्या फेरीतले पाच होल उरले असताना रोरी मॅक्लरॉय दोन फटक्यांनी पुढे होता, म्हणजे त्याचे फटके दोनने कमी होते. सोळाव्या होलवर त्याच्यापुढे अडीच फुटांचा पट उरला. पट म्हणजे ग्रीनच्या बारीक कापलेल्या गवतावरून चेंडू घरंगळत होलकडे नेणारा हलका फटका. त्या मोसमात तीन फुटांच्या आतून मॅक्लरॉयने ४९६ पट मारले होते आणि ४९६ च्या ४९६ आत गेले होते. हा बाहेर राहिला. अठराव्या होलवर पावणेचार फुटांवरून आणखी एक चुकला, आणि ब्रायसन डीशॅम्बो एका फटक्याने जिंकला.

अडीच फुटांवरून चुकायला केवढी चूक लागते, हे आधी पाहू. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, चेंडूचा सुमारे ४३. चेंडू हळू जात असेल तर त्याचा मध्य होलच्या कडेच्या आत आला तरी तो पडतो, म्हणजे मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ५४ मिलिमीटरची सवलत. कोनात मोजलं तर अडीच फुटांवरून दिशा चार अंशांनी चुकली तरी खपून जाते. दहा फुटांवरून जेमतेम एक अंश. ग्रीनचा उतार आणि चेंडूचा वेग ही सवलत बरीच खाऊन टाकतात, म्हणूनच आठ फुटांवरून अव्वल व्यावसायिकांचेही निम्मेच पट आत जातात. पण अडीच फूट हे त्यांच्यासाठी चुकायचं अंतरच नव्हे. ज्या हातांनी हा फटका आयुष्यात लाखभर वेळा मारला, ते हात विसरले काय?

हात विसरत नाहीत. घोळ होतो तो डोकं नको तिथे मदतीला धावल्यामुळे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी याचा बराच अभ्यास केला आहे, आणि त्यासाठी त्यांना गोल्फचा पट फार सोयीचा पडला. प्रयोगशाळेत गालिचा अंथरून घेता येतो, चूक सेंटिमीटरमध्ये मोजता येते आणि नवशिका आणि पट्टीचा खेळाडू, दोघांनाही तेच काम देता येतं.

मिशिगन स्टेट विद्यापीठात सीअन बायलॉक आणि थॉमस कार यांनी अशा प्रयोगांची मालिकाच केली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मुरलेल्या गोल्फपटूंना दोन प्रकारे पट मारायला सांगितले. एका प्रकारात पट मारताना टेपवरचे आवाज ऐकायचे आणि ठरावीक सूर आला की तसं बोलून सांगायचं. दुसऱ्या प्रकारात लक्ष स्वतःच्या हालचालीवर ठेवायचं आणि पटर (पट मारायची काठी) पुढे जाऊन थांबला की त्या क्षणी 'स्टॉप' म्हणायचं. कोणालाही वाटेल की लक्ष विचलित झालेला माणूस वाईट खेळेल. घडलं उलटं. आवाज ऐकत मारलेले पट अधिक अचूक होते. हालचालीवर पहारा ठेवल्यावर अचूकता घसरली. पुढच्या प्रयोगांत नवशिक्यांची गोष्ट निराळी निघाली. त्यांना हालचालीकडे लक्ष दिल्याचा फायदा झाला, आणि घाईने मारायला सांगितल्यावर त्यांचा खेळ बिघडला. मुरलेले मात्र घाईत उलट बरं खेळले.

कारण कौशल्य मुरतं तसं ते मेंदूत जागा बदलतं. सुरुवातीला प्रत्येक पायरी शब्दांत असते: खांदे समांतर, मनगट घट्ट, डोकं स्थिर. हजारो वेळा केल्यावर या पायऱ्या एकसंध होऊन जातात, मेंदूच्या आत खोलवरची केंद्रं आणि अनुमस्तिष्क (हालचालींचा मेळ घालणारा मेंदूचा मागचा भाग) त्यांचा ताबा घेतात आणि शब्द गळून पडतात. वर्षानुवर्षं पोळ्या लाटणाऱ्या बाईंना लाटण्यावर डाव्या हाताचा दाब किती असतो हे विचारून पाहा. सांगता येणार नाही, आणि सांगत सांगत लाटलेली पोळी गोल होईलच याची खात्री नाही. बायलॉक आणि कार यांना गोल्फमध्येही हेच दिसलं. पट कसा मारावा, यावर मुरलेले खेळाडू भरभरून बोलत. पण नुकताच मारलेला पट नेमका कसा मारला, याबद्दल त्यांना नवशिक्यांहून कमी आठवे. वाकड्या दांड्याचा, विचित्र वजनाचा पटर हातात दिल्यावर मात्र आठवण लगेच वाढली, कारण लक्ष परत हातांकडे आलं होतं.

चांगली फेरी चालू असताना हेच होतं. दहाव्या-अकराव्या होलपर्यंत माणूस गप्पा मारत, कॅडीशी, म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या सोबत्याशी, वारा कुठला यावर वाद घालत खेळतो. मग कोणीतरी, बहुधा तो स्वतःच, कार्डावर बेरीज करतो. त्या क्षणापासून प्रत्येक फटका सांभाळण्याची वस्तू होते, आणि सांभाळायचं म्हणजे नजर ठेवायची. इतका वेळ एकसंध चाललेली हालचाल पुन्हा तुकड्यांत मोडते.

शिकण्याची पद्धतही यात महत्त्वाची ठरते. १९९२ मध्ये रिचर्ड मास्टर्स यांनी नवशिक्यांचे दोन मुख्य गट केले. एकाला पटिंगचे नियम लिहून दिले. दुसऱ्याला काहीच शिकवलं नाही; उलट पट मारताना ठोक्याठोक्याला मनाला येईल ते इंग्रजी अक्षर मोठ्याने म्हणायला लावलं, म्हणजे स्वतःचे नियम बनवायलाही डोकं मोकळं राहू नये. चारशे पट झाल्यावर पैसे कापण्याची भीती आणि जाणकाराची नजर, असा ताण दिला. नियम पाठ असलेल्यांची प्रगती तिथे अडली. अक्षरं म्हणत शिकलेले सुधारतच राहिले. नियमांचा साठा मोठा असेल तर घाबरल्यावर त्यात हात घालायचा मोहही मोठा होतो. रात्री झोपण्यापूर्वी स्विंगचे दहा-दहा व्हिडिओ पाहणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

सगळ्याच पडझडी हाताच्या नसतात. १९९९ च्या ब्रिटिश ओपनमध्ये स्कॉटलंडच्या कार्नूस्टी इथे फ्रान्सचा जाँ वान द वेल्ड अखेरच्या होलवर तीन फटक्यांच्या आघाडीने आला. होल पार चारचा, म्हणजे चांगल्या खेळाडूने चार फटक्यांत पुरा करावा असा; सहा फटके झाले असते तरी तो विजेता होता. सुरक्षित लोखंडी क्लब (काठी) काढायच्या ऐवजी त्याने सर्वांत लांब पल्ल्याचा ड्रायव्हर मारला. दुसरा फटका प्रेक्षकांच्या स्टँडच्या कठड्यावर आपटून मागे उडाला आणि दाट गवतात पडला, तिसरा बॅरी बर्न ओढ्यात. बूट-मोजे काढून, पँट दुमडून पाण्यात उभा राहिलेला वान द वेल्ड ज्यांनी पाहिला, ते विसरणार नाहीत. सात फटके झाले, बरोबरी झाली आणि चार होलच्या जादा खेळात पॉल लॉरी जिंकला, जो त्या सकाळी दहा फटक्यांनी मागे होता. इथे बिघडला तो निर्णय. वारा, अंतर, धोका यांचा हिशेब मन जिथे मांडतं ती तात्पुरत्या स्मृतीची जागा लहान असते, आणि चिंता तिथेच येऊन बसते. त्यात कठड्यावरून मागे उडालेला चेंडू म्हणजे शुद्ध दुर्दैव, हेही मान्य करायला हवं.

यिप्स हे आणखी वेगळं प्रकरण. छोट्या पटच्या वेळी मनगटाला अचानक झटका बसतो. काही खेळाडूंमध्ये मनगट वाकवणारे आणि उलटवणारे स्नायू एकाच वेळी आवळले जातात, म्हणजे तो लेखनिकांना होणाऱ्या हाताच्या आकडीसारखा मज्जासंस्थेचा विकार असू शकतो. जर्मनीचा बर्नहार्ड लँगर त्यातून एकाहून अधिक वेळा गेला, पटर धरायच्या पद्धती बदलत राहिला आणि १९८५ आणि १९९३ अशी दोनदा मास्टर्स स्पर्धा जिंकला. अशा माणसाला 'मन घट्ट कर' म्हणणं निरुपयोगी आहे.

सांभाळून खेळण्याचा एक पुरावा अर्थशास्त्राकडून आला. डेव्हिन पोप आणि मॉरिस श्वाइत्झर यांनी २००४ ते २००९ या काळातले व्यावसायिकांचे लेझरने मोजलेले २५ लाखांहून अधिक पट तपासले. अंतर तेच असताना पार राखण्यासाठी मारलेले पट बर्डीसाठी (पारपेक्षा एक फटका कमी) मारलेल्यांपेक्षा सुमारे दोन टक्क्यांनी अधिक वेळा आत जात होते. म्हणजे नुकसान टाळायचं असेल तर माणूस जास्त जीव ओततो. फायदा मिळवायचा असेल तर जपून मारतो आणि चेंडू होलच्या अलीकडे राहण्याची शक्यता वाढते. माझा अंदाज असा की जमून आलेल्या फेरीत उरलेले सगळेच होल 'मिळालं तेवढा फायदाच' या सदरात जातात आणि जपून मारण्याची सवय लांब फटक्यांतही शिरते. हा अंदाजच आहे. अभ्यास पटपुरता होता.

आता एक अप्रिय गोष्ट. शेवटी बिघडलेल्या पुष्कळ फेऱ्या मुळात बिघडलेल्याच नसतात. समजा, एखादा गृहस्थ ७२ पारच्या मैदानावर एरवी ९० करतो, म्हणजे होलमागे एक फटका जादा. आज बारा होल झाले आणि तो पारच्या फक्त पाच वर आहे. मनात ७९, ८० असे आकडे नाचू लागतात. शेवटच्या सहा होलवर सहा फटके जादा गेले आणि झाले ८३. क्लबहाउसमध्ये चहा घेताना तो सांगतो, फेरी घालवली! पण ते सहा होल तो नेहमीसारखाच खेळला. पहिल्या बारांत कौशल्याबरोबर नशीबही होतं: झाडाला लागून फेअरवेवर, म्हणजे कापलेल्या गवताच्या मोकळ्या पट्ट्यावर, आलेला चेंडू, कडेवर घुटमळून आत पडलेला पट. नशीब पुढेही तसंच राहावं असं काही बंधन त्याच्यावर नाही. टोकाच्या मापानंतरचं माप सरासरीकडे झुकतं, हे फ्रान्सिस गॉल्टनने १८८६ साली आईवडील आणि मुलांच्या उंचीवरून दाखवलं होतं.

टोकियो ऑलिंपिकमध्ये ऑगस्ट २०२१ मध्ये अदिती अशोकचं पदक एका फटक्याने हुकलं, तेव्हाही हातातोंडाशी आलेला घास गेला अशी हळहळ झाली. जागतिक क्रमवारीत २०० वी असलेली ही मुलगी तीन फेऱ्यांनंतर दुसरी होती. शेवटच्या फेरीत तिने ६८ मारले, पारपेक्षा तीन कमी. लिडिया को आणि मोने इनामी यांनी ६५-६५ मारून तिला मागे टाकलं. कच खाल्लेल्या खेळाडूचा ६८ होत नाही. शेवटी हरला म्हणजे दबावाखाली कोसळला, ही आपली सवयीची गोष्ट आकड्यांना विचारून सांगितली तर बरं.

उपाय थोडे आहेत, आणि रामबाण एकही नाही. बायलॉक-कार यांच्या प्रयोगात कॅमेऱ्यासमोर पट शिकलेले लोक नंतर दबावाखाली ढासळले नाहीत. पाहिलं जाण्याची सवय आधीच झाली होती. म्हणून एकट्याने तासभर पट मारण्यापेक्षा मित्रांसमोर, हरणाऱ्याने चहाचे पैसे द्यायचे या अटीवर मारलेले पटचे वीस फटके अधिक कामाचे, असं मला वाटतं. नजरेचा सरावही उपयोगी दिसतो. जोन व्हिकर्स यांनी दाखवलं की चांगले पट मारणारे फटक्याआधी आणि फटक्यादरम्यान नजर चेंडूवर दोन-तीन सेकंद अगदी स्थिर ठेवतात. २०११ च्या एका ब्रिटिश अभ्यासात याचं शिक्षण घेतलेल्या अव्वल खेळाडूंचे फेरीमागे पटचे जवळजवळ दोन फटके वाचले. शिवाय पाणी आणि खाणं. अठरा होल म्हणजे चार-पाच तास आणि आठ-दहा किलोमीटर चाल. मे महिन्यात पुण्यात सतराव्या होलवर चुकलेल्या फटक्यासाठी मानसशास्त्र शोधण्याआधी बाटली रिकामी आहे का पाहावं.

आपल्या बाबतीत खरं काय, हे घरबसल्या तपासता येतं. जुनी कार्डं काढा, जितकी जास्त तितकी बरी. प्रत्येक कार्डावर शेवटच्या सहा होलवर पारपेक्षा किती जादा गेले ते लिहा. मग ज्या फेऱ्या बाराव्या होलपर्यंत उत्तम चालल्या होत्या तेवढ्या वेगळ्या काढून त्यांची सरासरी उरलेल्यांच्या सरासरीशी ताडून पाहा. दोन्ही आकडे सारखे आले तर दोष नशिबाकडून ठेवलेल्या अपेक्षेचा. चांगल्या फेऱ्यांचा आकडा ठळकपणे वाईट आला, तर पुढच्या वेळी कार्ड आणि पेन्सिल कॅडीच्या खिशात ठेवा आणि अठरावा होल होईपर्यंत बेरीज विचारू नका.