विदर्भातील रानमुक्काम आणि प्रेक्षणीय स्थळे

रानमुक्काम म्हणजे गावाबाहेर वावरात, तलावाच्या पाळीजवळ (बांधाजवळ) किंवा जंगलालगत तंबू ठोकून एक-दोन रात्री राहणे आणि दिवसा आसपासचा निसर्ग व जुन्या वास्तू पाहणे. तंबू अलीकडचा, रानात जेवण्याची आणि रात्र काढण्याची रीत विदर्भात जुनीच आहे. कार्तिकातले आवळीभोजन, थंडीतला हुरडा, सुटीची डबापार्टी, उभ्या पिकाची माळ्यावर बसून केलेली जागल ही तिचीच रूपे. मुक्कामाचे खरे जेवण आजही रोडग्यांचेच. पदर घालून वळलेला कणकेचा गोळा गोवऱ्यांच्या आरात उलटसुलट भाजतात, फडक्यात धरून राख झटकतात आणि फोडून त्यावर तूप सोडतात. जोडीला वांग्याची भाजी आणि वरण.

मुक्कामाची जागा पाण्यावरून ठरवावी. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या या मुलखात राजांनी किल्ले बांधले ते टाकी-तलाव धरून, देवळे उभी राहिली ती झऱ्या-नद्यांच्या काठी, आणि हिवाळी पक्षीही उतरतात ते तलावांवरच. आधी पाणी शोधले की पाहण्यासारखे बाकीचे त्याच्या आसपास सापडते.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. उल्कापाताने बेसाल्ट खडकात पडलेले हे विवर सुमारे १.८ कि.मी. व्यासाचे आहे आणि त्याच्या तळाशी खारट, अल्कधर्मी पाण्याचे सरोवर आहे. काठावर गोमुखातून गोड्या पाण्याची धार पडते. उतरण उतरून खाली गेले की सरोवराचे पाणी बोटांना बुळबुळीत लागते. दोन पाण्यांतले हे अंतर पायी अनुभवावे, कारण वाटेतल्या झाडीत जुनी देवळे एकामागून एक भेटतात आणि पाण्याजवळ कमळजा देवीचे मंदिर लागते. येथील क्षारांपासून पूर्वी काच आणि साबण बनवत. जून २०२० मध्ये क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे पाणी गुलाबी झाले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला. गावातले दैत्यसूदन मंदिर घाईत पाहू नये, त्याच्या बाह्य भिंतींवरचे कोरीवकाम सकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसते. विवर अभयारण्यात मोडते, त्यामुळे तंबू विवराबाहेर, गावाच्या बाजूलाच ठोकावा. याच जिल्ह्यात सिंदखेडराजा येथे लखुजी जाधवांचा राजवाडा, म्हणजे जिजाऊंचे जन्मस्थान, आणि मोती तलाव आहे. १२ जानेवारीला तिथे जन्मोत्सवाची मोठी गर्दी असते.

उत्तरेला अमरावती जिल्ह्यात मेळघाट. चिखलदरा सुमारे १,१०० मी. उंचीवर असून तिथे कॉफीचे मळे आहेत. त्याच पठाराच्या कडेला गाविलगड उभा आहे. या किल्ल्याला दक्षिणेकडून तुटलेले कडे आहेत. पठाराला तो जोडलेला आहे तो उत्तरेच्या अरुंद बाजूने, आणि तिथेच बाहेरचा कोट घातला आहे. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज सेनानी स्टीव्हन्सनच्या फौजेने डोंगरातून तोफा ओढत नेऊन याच बाजूने तट फोडला. १५ डिसेंबरला किल्ला पडला आणि दोनच दिवसांनी नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. तटावर उभे राहून ती उत्तर बाजू पाहिली की लढाई चटकन उमगते. आतले तलाव, तोफा आणि दिल्ली दरवाजावरची कोरीव चित्रे पाहायला अर्धा दिवस अपुरा पडतो. अकोला जिल्ह्यातील नरनाळा हाही असाच विस्तीर्ण डोंगरी किल्ला. त्याचा परिसर अभयारण्यात असल्याने प्रवेशाचे नियम आधी विचारून घ्यावेत. मेळघाटात कोरकू आदिवासींची गावे आहेत. तिथे राहायचे तर गावाला विचारून राहावे आणि सामानही गावातच घ्यावे.

पूर्व विदर्भात, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत, दृश्य पार बदलते. इथे धानाच्या बांध्या (भातखाचरे), बोड्या (छोटी तळी) आणि माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी मालगुजार जमीनदारांकडे असलेले तलाव, लोकांच्या बोलीतले मामा तलाव. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव आजही ओलित (सिंचन) करतात आणि ढिवर समाजाचे लोक त्यांत मासेमारी करतात. महाराष्ट्रातले खरे प्राचीन वैभव किल्ल्यांइतकेच या पाळींमध्ये आहे. त्यांना मात्र पाटी नाही की तिकीट नाही. नवेगावबांध हा त्यांतला प्रसिद्ध तलाव. तो कोलू पाटील कोहळीने बांधल्याची परंपरा असून कोलासूर म्हणून या कोलू पाटलाची पूजा होते. हिवाळ्यात स्थलांतरित पाणपक्षी इथे येतात, आणि गोंदियाच्या धानाच्या शेतांत सारस क्रौंचाची जोडी दिसू शकते. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि झाडीपट्टीची (याच पूर्व विदर्भाची) नाटके रात्रभर चालतात. जवळ असा खेळ असेल तर त्या दिवशी सफारी सोडली तरी चालेल.

गडचिरोलीतील मार्कंडा येथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते आणि काठावर शिल्पांनी भरलेला मंदिरसमूह आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. नागपूर जिल्ह्यातील रामटेकला वाकाटककालीन नरसिंह मंदिरे आणि खाली खिंडसी तलाव. मेघदूतातील रामगिरी तो हाच, असे मानणारे अभ्यासक अनेक आहेत.

मुक्कामाचा उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. फाल्गुनात पळस फुलतो, पण १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरला जातो, तेव्हा रानालगत चूल किंवा शेकोटी पेटवू नये. मोहफुले पडू लागली की पहाटे अस्वले झाडाखाली येतात, म्हणून मोहाखाली तंबू नको. ताडोबा, नागझिरा, मेळघाट या व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रात आपला तंबू ठोकता येत नाही; तिथे राहायचे असेल तर परवानगी असलेल्या निवासातच राहावे. पावसाळ्यात गाभा क्षेत्रातील पर्यटन बहुतांशी बंद असते.