चल डीएनए-घटक : सस्तन प्राण्यांच्या उत्क्रांतीतील स्थान

जीनोममधील (सजीवाच्या संपूर्ण डीएनए-संचातील) एका जागेवरून निघून दुसऱ्या जागी बसणारे, किंवा मूळ जागी राहून आपली प्रत दुसरीकडे घुसवणारे डीएनएचे तुकडे. ‘ट्रान्सपोझॉन’ आणि ‘उड्या मारणारी जनुके’ ही नावेही रूढ आहेत. दुसरे नाव आकर्षक असले तरी फसवे आहे, कारण सस्तन प्राण्यांतील असे बहुतेक तुकडे आता जागचे हलत नाहीत. मक्याच्या दाण्यांवरील रंगीत ठिपक्यांचा माग काढताना बार्बरा मॅक्लिंटॉक यांना १९४० च्या दशकात हे घटक सापडले. १९८३ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. मानवी जीनोमचा २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला मसुदा वाचल्यावर त्याचा सुमारे ४५ टक्के भाग या घटकांपासून आलेला दिसला. प्रथिनांची माहिती असलेला भाग जेमतेम दीड टक्का भरतो.

सस्तन प्राण्यांत वरचष्मा आहे तो आरएनएमार्गे नक्कल करणाऱ्या घटकांचा. त्यांतील लाइन-१ पूर्ण लांबीचा असला तर सुमारे ६,००० बेस-जोड्यांचा (डीएनएच्या ‘अक्षरांच्या’ जोड्यांचा) असतो. त्याचा आरएनए तयार झाला की त्यावरूनच बनलेली प्रथिने त्याला चिकटतात आणि त्याला घेऊन पेशीकेंद्रकात शिरतात. तेथे ‘टी’ अक्षरांची रांग असलेल्या जागी डीएनएचा एक धागा कापला जातो. आरएनएच्या शेपटीतील ‘ए’ अक्षरे त्या ‘टी’ अक्षरांशी जुळतात आणि कापलेल्या टोकापासूनच उलट दिशेने डीएनए लिहिला जाऊ लागतो. लेखन शेपटीकडून सुरू होते व पुष्कळदा अर्ध्यावर थांबते. म्हणून माणसातील लाइन-१ च्या सुमारे ५ लाख प्रतींपैकी बहुतेकींना डोकेच नाही. पुन्हा नक्कल करू शकतील अशा प्रती एका व्यक्तीत साधारण ८० ते १०० असाव्यात. अ‍ॅलू हा त्याहून लहान, सुमारे ३०० बेस-जोड्यांचा तुकडा. प्रथिने पेशीतील आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलापर्यंत पोचवणाऱ्या यंत्रणेतील ७एसएल नावाच्या आरएनएपासून तो निघाला. त्याचे स्वतःचे एकही प्रथिन नाही. लाइन-१ ची यंत्रणा वापरून त्याने माणसात १० लाखांहून अधिक प्रती केल्या आहेत. सुमारे ८ टक्के जीनोम प्राचीन रेट्रोव्हायरसांचे, म्हणजे आपल्या आरएनएची डीएनए-प्रत यजमानाच्या जीनोममध्ये घुसवणाऱ्या विषाणूंचे, अवशेष आहे.

घुसलेली प्रत सहसा नेमकी निघून जात नाही, आणि दोन वंशांत नेमक्या त्याच जागी तोच तुकडा स्वतंत्रपणे बसणे फार दुर्मीळ. त्यामुळे वंशवृक्ष ठरवायला हे घटक उत्तम पुरावा ठरतात. देवमासा व पाणघोडा यांचे निकटचे नाते १९९० च्या दशकाच्या अखेरीस नोरिहिरो ओकादा यांच्या गटाने याच पुराव्यावर पक्के केले.

हे घटक टिकले कशामुळे, हा जुना वाद. मॅक्लिंटॉक त्यांना ‘नियंत्रक घटक’ म्हणत. पुनरावृत्त डीएनए जनुकांचे नियंत्रण करतो, अशी मांडणी ब्रिटन व डेव्हिडसन यांनी १९६९ मध्ये केली. १९८० मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात डूलिटल-सॅपिएन्झा आणि ऑर्गेल-क्रिक या दोन जोड्यांनी उलट बाजू घेतली : स्वतःची नक्कल करता येणे एवढे कारण टिकायला पुरेसे आहे, यजमानाला, म्हणजे ज्याच्या जीनोममध्ये ते राहतात त्या सजीवाला, उपयोग असण्याची गरज नाही. २०१२ मध्ये जीनोममधील कार्यशील भाग शोधणाऱ्या ‘एनकोड’ प्रकल्पाने मानवी जीनोमच्या ८० टक्के भागाला जैवरासायनिक कार्य आहे असे म्हटल्यावर वाद पुन्हा पेटला. जैवरासायनिक हालचाल दिसणे म्हणजे कार्य असणे नव्हे, हा त्यावरचा आक्षेप अधिक सबळ वाटतो. घटक आले ते स्वतःच्या बळावर; त्यांतील थोडे पुढे यजमानाच्या कामी लागले, असे मानणे उपलब्ध पुराव्याशी जुळते. उपयोगाची उदाहरणे मन थक्क करणारी आहेत खरी, पण त्यांवरून लाखो प्रतींच्या अस्तित्वाचा उलगडा होत नाही.

अशा उदाहरणांत वारेचे प्रथम घ्यावे लागते. वारेच्या बाहेरच्या थरात पेशी एकमेकींत विरघळून अनेक केंद्रकांचे एकच आवरण बनते. पेशी जोडणारे सिन्सिटिन-१ हे प्रथिन रेट्रोव्हायरसाच्या आवरण-प्रथिनापासून आले, हे २००० मध्ये दाखवले गेले. विषाणूच्या ज्या प्रथिनाने पेशीत शिरायचे, तेच येथे पेशी जोडते. उंदरातही सिन्सिटिने आहेत, पण ती वेगळ्या विषाणूंपासून आलेली. तेच काम वेगवेगळ्या वंशांनी वेगवेगळे विषाणू पकडून साधले, यामुळे ‘एका विषाणूने वार दिली’ हे लोकप्रिय विधान टिकत नाही. पेग१० ची गोष्ट याहून जुनी आहे. हे जनुक एका रेट्रोट्रान्सपोझॉनपासून, म्हणजे आरएनएमार्गे नक्कल करणाऱ्या घटकापासून, निघाले. ते पिशवीधारी व वारधारी सस्तनांत आढळते, अंडी घालणाऱ्या प्लॅटिपसमध्ये नाही. ते काढून टाकलेल्या उंदरांचे भ्रूण वार नीट न बनल्याने लवकर मरतात.

जनुकांच्या नियंत्रणाच्या बाबतीत दावे फार आणि कसोट्या कमी. एखादे प्रथिन तुकड्याला चिकटते एवढ्यावरून तो तुकडा जनुक चालवतो असे ठरत नाही. तो काढून पाहावा लागतो. २०१६ मध्ये एमइआर४१ या विषाणू-अवशेषाची एक प्रत मानवी पेशींतून कापून काढली, तेव्हा एआयएम२ हे प्रतिकार-जनुक इंटरफेरॉनला (संसर्गाचा इशारा देणाऱ्या प्रथिनाला) नीट प्रतिसाद देईना. असे पुरावे वजनदार ठरतात. कपींच्या शेपटीबाबत २०२४ मध्ये मांडलेले मतही लक्षणीय आहे : शेपटीच्या घडणीत भाग घेणाऱ्या टीबीएक्सटी जनुकात शिरलेल्या एका अ‍ॅलूची जवळच्या जुन्या, उलट्या अ‍ॅलूशी जोडी जमते व जनुकाच्या आरएनए-संदेशातला एक तुकडा गळतो. तसा गळका संदेश बनवणाऱ्या उंदरांत शेपटी आखूड झाली किंवा उरलीच नाही. ही घुसखोरी सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वीची मानतात. मात्र शेपूट जाण्याचे हेच एकमेव कारण होते, असे त्यावरून म्हणता येत नाही.

प्रतिपिंडांची विविधता घडवणारी रॅग जनुके चल घटकापासून आली असे मानतात व ती येथे नेहमी उद्धृत होतात, परंतु ती घटना सस्तनांच्या कितीतरी आधीची, जबडेधारी पृष्ठवंशीयांच्या पूर्वजांतील आहे. रॅग प्रथिने परीक्षानळीत डीएनएचा तुकडा उचलून दुसरीकडे बसवू शकतात हे १९९८ मध्ये कळले. रॅग१ व रॅग२ एकत्र आली की वेगवेगळी, याबद्दल मतभेद होते. अँफिऑक्सस या पृष्ठवंशीयांच्या माशासारख्या दूरच्या नातलगात दोन्ही जनुके एकाच चल घटकात २०१६ मध्ये सापडल्यापासून ‘एकत्र’ या मताकडे कल झुकला आहे.

यजमानही स्वस्थ बसत नाही. डीएनएवर मिथिल गट बसवून बहुतेक प्रती गप्प केल्या जातात, आणि जस्त-बोटे (जस्ताच्या अणूने आकार धरणारे, डीएनएला पकडणारे भाग) असलेली क्रॅब गटाची प्रथिने ठरावीक घटक हेरतात. त्यांपैकी झेडएनएफ९३ हे प्रथिन लाइन-१ ला ज्या जागी पकडत असे, तो १२९ बेस-जोड्यांचा भागच पुढच्या पिढीतील लाइन-१ ने गमावला आणि सुटका करून घेतली. या सुटकेची किंमत रोगांत दिसते. १९८८ मध्ये हिमोफिलियाच्या दोन रुग्णांत लाइन-१ ची प्रत रक्त गोठवण्यास लागणाऱ्या फॅक्टर ८ च्या जनुकात नव्याने शिरलेली आढळली.

कापून-चिकटवून फिरणारे घटक नरवानर गणात सुमारे ३.७ कोटी वर्षांपूर्वीच थंडावले. मायोटिस प्रजातीतील वटवाघळांत मात्र त्यांची हालचाल अलीकडपर्यंत चालू राहिली. विषाणू जीनोममध्ये स्थिरावताना पाहायचा असेल तर ऑस्ट्रेलियातील कोआलाकडे पाहावे लागते. त्याच्यातील रेट्रोव्हायरस उत्तरेकडील प्राण्यांत पिढीजात झाला आहे. दक्षिणेकडील काही गटांच्या जीनोममध्ये तो अजून पोचलेला नाही.