‘अजून कडक’ म्हणजे कशापेक्षा?

पाहुण्यांना चहा दिल्यावर आपण विचारतो, “साखर अजून हवी का?” दहातले आठ जण नको म्हणाले, म्हणून त्यांना गोड आवडत नाही असं ठरत नाही. चहाचा आधीच पाक झाला असेल. कपात साखर किती आहे हे कळल्याशिवाय त्या ‘नको’ला काही अर्थ नाही.

अमेरिकेतल्या बंदूक कायद्यांविषयीच्या जनमत चाचण्या वाचताना मला हा चहा हमखास आठवतो. तिथली गॅलप ही संस्था १९९० पासून एक प्रश्न विचारत आली आहे: बंदूकविक्रीचे कायदे अजून कडक करावेत, सैल करावेत, की आहेत तसेच ठेवावेत? १९९० मध्ये ७८ टक्के लोक ‘कडक करा’ म्हणाले, २०१० मध्ये फक्त ४४ टक्के. नुसता आलेख पाहिला तर वीस वर्षांत अमेरिका बंदुकीच्या बाजूला झुकली असं कुणीही म्हणेल.

पण मधल्या काळात कपातली साखर बदलली होती. १९९३ मध्ये ब्रेडी कायदा आला आणि दुकानातून पिस्तूल घेणाऱ्याच्या पार्श्वभूमीची (त्याच्यावर गुन्ह्यांची नोंद आहे का वगैरे) आधी तपासणी होऊ लागली. १९९४ मध्ये काही सेमी-ऑटोमॅटिक (पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या) बंदुकांवर दहा वर्षांची बंदी आली. ‘अजून’ या शब्दाचा पायाच सरकला. १९९० मध्ये जे मागत होता त्यातलं बरंचसं मिळालेला माणूस नंतर ‘आहे ते ठीक आहे’ म्हणाला, तर त्याचं मत बदललं असं कसं म्हणायचं?

अर्थात चहाच्या उदाहरणाने सगळं सुटत नाही. ती बंदी २००४ मध्ये संपली, म्हणजे साखर कमी झाली. तरी ‘कडक करा’ म्हणणारे वाढले नाहीत, २०१० पर्यंत ते घटलेच. गुन्हे कमी झाले म्हणून लोक निवांत झाले असतील का? १९९३ ते २०१० या काळात बंदुकीने होणाऱ्या खुनांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं, हे खरं. पण प्यू रिसर्च सेंटर या तिथल्या दुसऱ्या सर्वेक्षण संस्थेने २०१३ मध्ये विचारलं तेव्हा ५६ टक्के लोकांना वाटत होतं की वीस वर्षांत असे गुन्हे वाढलेत. घटलेत असं म्हणणारे होते १२ टक्के! जी घट लोकांच्या लक्षातच आली नाही, ती त्यांना निवांत कशी करणार?

‘अजून’ नसलेला एक जुना प्रश्नही गॅलपकडे आहे. पोलीस आणि अधिकृत व्यक्ती सोडून इतरांना पिस्तूल बाळगायला कायद्याने बंदी असावी का? १९५९ मध्ये ६० टक्के लोक हो म्हणाले होते, २०२१ मध्ये १९ टक्के. इथे कायदा कुठे आहे याच्याशी तुलनाच नाही, त्यामुळे ही घसरण मी खरी मानतो. सरसकट बंदीची कल्पना तिथे मागे पडली आहे.

चाचणी कधी घेतली यानेही आकडा हलतो. २०११ मध्ये ‘कडक करा’ म्हणणारे ४३ टक्के होते. डिसेंबर २०१२ मध्ये कनेटिकटमधल्या सँडी हुक शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली आणि त्याच महिन्यात आकडा ५८ वर गेला. २०१४ मध्ये तो ४७ होता. आता ५८ आणि ४७ जोडणारा म्हणेल, अमेरिका मवाळ झाली. ४३ आणि ४७ जोडणारा म्हणेल, कडक झाली. खरं तर हजारेक लोकांच्या चाचणीत इकडेतिकडे चारेक टक्क्यांची चूक धरावीच लागते, त्यामुळे ४३ आणि ४७ मधल्या फरकावरून काहीच सांगता येत नाही.

शितावरून भाताची परीक्षा होते, पण भाताला प्रश्न विचारावा लागत नाही. शिवाय इथे एकाच पातेल्यात दोन भात शिजतात: २०२१ मध्ये ‘कडक करा’ म्हणणारे एकूण ५२ टक्के होते, पण डेमोक्रॅट पक्षाच्या लोकांत ते ९१ टक्के होते आणि रिपब्लिकन पक्षाच्या लोकांत २४ टक्के.

सगळ्यात चकवणारा आकडा खरेदीदाराच्या तपासणीचा. प्रत्येक बंदूकविक्रीआधी, अगदी खासगी व्यवहारातही, तपासणी हवी का असं विचारलं की चाचणीमागून चाचणीत ८५-९० टक्के लोक हो म्हणतात. २०१६ मध्ये मेन आणि नेवाडा या राज्यांत हाच विषय थेट मतपत्रिकेवर आला. मेनमध्ये प्रस्ताव पडला, होकार जेमतेम ४८ टक्के. नेवाडात तो दहा हजारांपेक्षा कमी मतांनी निसटता पास झाला. चाचण्या खोट्या होत्या का? मला तसं वाटत नाही. फोनवर विचारलेला प्रश्न एका ओळीचा असतो आणि त्याला हो म्हणायला काही लागत नाही. मतपत्रिकेमागे मात्र कलमं असलेला अख्खा कायदा होता, आणि शिकारीला जाताना मित्राला बंदूक उसनी दिली तरी तपासणी करावी लागेल, असा विरोधकांचा प्रचार मेनमध्ये जोरात होता. मेन हे शिकारीचं राज्य. तिथल्या मतदाराला तपासणी म्हटल्यावर अनोळखी गिऱ्हाईक दिसलं की शेजारचा मित्र, हे फोनवरच्या प्रश्नात कुणी विचारलेलंच नव्हतं.